न झाडलेली राई

आमच्याकडे बाई कशी आहे हे तिच्या अंगणावरून ठरतं. सकाळी उठून आधी खराटा हातात घ्यायचा, चूल नंतर. अंगणात पान पडलेलं दिसलं की शेजारीण कुंपणापलीकडून विचारते, "काय गं, बरं नाही का?" दुसऱ्या दिवशीही ते तिथेच असलं तर ती आत येऊन बघते, बाई जिवंत आहे की गेली. मला या सगळ्याचा कंटाळा येतो, पण झाडते मीही. मी काही जगावेगळी नाही.

जे अंगणाचं, तेच कुळाच्या राईचं. डोंगराच्या वरच्या अंगाला, जिथून ढग सहसा हलत नाही, तिथे आमच्या कुळाची राई आहे, जुन्या झाडांचं राखलेलं रान. आमच्या आया, आज्या, त्यांचे भाऊ सगळे तिथे पुरलेले. आमच्यात कूळ आईकडून चालतं. त्यामुळे बाप तिथे नाहीत, बाप आपापल्या आयांच्या राईत. कुळाचा मुख्य म्हणजे मामा. तो गेला की त्याच्या थडग्यावर पहिला खराटा मारायचा मान थोरल्या भाचीचा, आणि तिथून सुरुवात करून मग बाकीच्या बाया आपापल्या माणसांची थडगी झाडतात. मुख्याच्या थडग्यावर खराटा अडला तर पुढे कुणालाच हात लावता येत नाही. ज्याचं थडगं झाडलेलं नाही त्याच्यामागे कुणी उरलेलं नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

मेल्किओरीमामाची थोरली भाची मी, गौदेन्सिया.

मामा उंच, वाकलेला आणि हट्टी. दमेकरी होता, त्यामुळे तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. राईच्या खालच्या उतारावर वेलदोडा लावू द्या म्हणून दर हंगामात कुणी ना कुणी त्याच्या दारात येऊन बसायचं. आपलीच माणसं असायची, गरजेची. मामा त्यांना जेवू घालायचा आणि म्हणायचा, "आईच्या पोटावर वेलदोडा लावू म्हणतोस? लाव. पण आधी तिला विचारून ये." आजूबाजूच्या कुळांच्या राया अशा एकेक करून गेल्या. वरून झाडं तशीच ठेवली, खालचं सगळं साफ करून वेलदोडा लावला, मग काही वर्षांनी झाडंही गेली. आमची राहिली, ती या एका दमेकऱ्याच्या हट्टामुळे.

मग मोरोगोरो शहरातून एलिफुराहा आली. बेडकांचा अभ्यास करणारी मुलगी, पाठीवर पिशवी, डोक्याला दिवा बांधलेला. अंधार पडता पडता राईत शिरली आणि बाहेर आली ती चेहरा असा करून, की मला वाटलं हिला साप चावला.

"मामा, ही बेडकी तुमच्याकडे किती दिवसांपासून आहे?"

मामाने तिच्या तळहाताकडे पाहिलं. बोटाच्या पेराएवढी, वाळक्या पानाच्या रंगाची. "ही? ही लेकुरवाळी. आम्ही नव्हतो तेव्हापासून आहे."

आम्ही तिला तेच म्हणतो. दुसऱ्या बेडक्या पाण्यात अंडी टाकून मोकळ्या होतात, मग ते बेडूकमासे, त्यांच्या शेपट्या, तो सगळा पसारा. हिचं तसं नाही. ही पोटात वाढवते आणि चांगली हातापायांची पिल्लं जन्माला घालते, मुंगीएवढी. आम्हाला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. सगळ्या आया तेच करतात.

"मामा, ही आणखी दोन डोंगरांवर होती. तिथलं रान गेलं, तिथली ही पण गेली. आता जगाच्या पाठीवर फक्त तुमच्या राईत आहे."

मामा इतका हसला की त्याला ढास लागली. "म्हणजे आमच्याच कुळातली म्हण की!"

तिथेच सगळं फिरलं. लांबलांबची माणसं आता आपली राई बघायला येणार, हे मामाच्या डोक्यात बसलं. आधी आम्ही सणाला आणि कुणी गेलं की झाडायचो. मामाने पाळ्या लावल्या. रोज दोन बायांनी जायचं, एक पान दिसता कामा नये. माझा धाकटा भाऊ कोस्मास, जो मामानंतर मुख्य होणार होता, त्याने नदीतून पांढरे गोटे आणून वाटेच्या दोन्ही बाजूंना ओळीने मांडले. पाचोळ्याचे ढीग करून बाहेर जाळायचे. राई चर्चच्या आवारासारखी लख्ख झाली. एलिफुराहा पाहुणे घेऊन आली की मामा कोट चढवून पुढे व्हायचा आणि मला हाक मारायचा, "पोरी, खराटा आण, तिकडे एक पान राहिलंय." लेकुरवाळीचा आणि पाहुण्यांचा मान ठेवायची आमची ही रीत. याहून मोठा मान आम्हाला माहीत नव्हता.

आणि लेकुरवाळी कमी होत गेली.

एलिफुराहाला आधी वाटलं रोग आला. तिने पाणी तपासलं, माती नेली, बेडक्यांच्या अंगावर कापूस फिरवून तो शहरात पाठवला. मामा आजारी पडला त्या दिवसांत ती माझ्या चुलीपाशी येऊन बसली. मी केळी सोलत होते.

"मावशी, रोग नाहीये."

"मग?"

"खराटा आहे." तिने डोळे पुसले. "त्या दिवसा ओल्या पानांखाली राहतात. त्यातलेच किडे खातात. पिल्लं तिथेच वाढतात. आपण त्यांचं घर रोज उचलून जाळतोय. मी समोर उभी होते आणि मला दिसलं नाही."

मला तिचा भयंकर राग आला. "एवढी शिकलीस ती काय माझ्या चुलीपुढे रडायला? जा, मामाला सांग."

"कसं सांगू? मी दिसले की ते खराटा मागवतात."

आता लेकुरवाळ्या उरल्या होत्या एकाच जागी. राईच्या मध्यावर जुनं झाड आहे, त्याची मुळं भिंतीसारखी वर आलेली आहेत. त्या दोन मुळांच्या बेचक्यात आजीचं थडगं. तिथे खराटा नीट फिरत नाही, म्हणून पाचोळा साठून राहिला होता. आणि आजीच्या शेजारची जागा मामाची, हे मामाच्या जन्मापासून ठरलेलं.

मी तशीच उठून मामाकडे गेले, सगळं सांगायचं ठरवून. तो भिंतीला टेकून बसला होता, छाती भात्यासारखी चालली होती. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाला, "माझं थडगं तू झाड. आळशी पोरींच्या हातात देऊ नकोस. मला पानांत लोळत ठेवू नका."

मी "हो मामा" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? त्याला धड श्वास घेता येत नव्हता.

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही.

घर माणसांनी भरलं. बाया आत जमिनीवर, पुरुष बाहेर शेकोटीभोवती. मी कोस्मासला केळीच्या बागेत गाठलं आणि खड्डा, पाचोळा, लेकुरवाळी, सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. वाईट माणूस नाही तो.

"मग काय करू म्हणतेस ताई? मामाला परक्यासारखा बाहेर रस्त्याकडेला पुरू?"

"नाही. तिथेच पूर. पण झाडायचं नाही. त्याचंही नाही, कुणाचंच नाही."

"तुला काय झालंय? उद्या सगळे डोंगर बघायला येणार आहेत. थडगं न झाडता सोडलं तर काय म्हणतील? मेल्किओरी बेवारशी मेला! आणि बाकीच्या बाया? त्यांच्या आया आहेत तिथे. त्या तुझं ऐकतील?"

"कोस्मास, त्या संपतील."

"बेडक्या आहेत गं त्या!" मग त्याचा आवाज खाली आला. "मलाही आवडतात. मीच तर गोटे मांडले. खणायच्या आधी पाचोळा टोपल्यांत भरून घ्या, ती तुझी बेडकांची मुलगी आणि तू. कुठे न्यायचा तिकडे न्या. पण खराटा फिरणार. मी मुख्य म्हणून पहिलं काम मामाच्या बेअब्रूचं करणार नाही."

एलिफुराहाने आणि मी टोपल्या भरल्या. ती पान पान उचलत होती. टोपल्या ओल्या सावलीत ठेवल्या. मी विचारलं, "यातल्या बेडक्या शहरात नेल्या तर जगतील?" ती म्हणाली, "नेऊन बघितलं होतं, मावशी." तिने टोपलीवर आणखी एक ओलं पान ठेवलं.

परत आले तर अंगणात बी हावा आली होती.

बी हावा, म्हणजे हावाबाई, खालच्या गावातली, आमच्या थट्टेच्या सोयऱ्यांच्या कुळातली. आमच्या दोन कुळांत पिढ्यान्‌पिढ्या हे नातं चालत आलंय. त्यांनी आम्हाला वाटेल ते बोलावं, आमच्या घरातलं वाटेल ते उचलावं, आम्ही रागवायचं नाही. आम्हीही त्यांच्याकडे तेच करायचं. मयताला तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही. रडून रडून घसा बसलेल्या घरात ते येतात, मेलेल्याची नक्कल करतात, आणि माणसं हसतात. त्यांनी मेलेल्याला दिलेली शिवीसुद्धा तो बरोबर घेऊन जातो असं आम्ही मानतो.

तिने मामाचा कोट घातला होता आणि मामासारखीच खोकत फिरत होती. "पोरी, खराटा आण! माझ्या कपाळावर माशी बसलीये, झाडून काढ!" बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, डोळे पुसत होत्या. मला बघून ती एकदम मामाची बायको झाली आणि ओरडली, "ही बघा माझी सवत! माझा नवरा मेला आणि मला साधं पाणी विचारलं नाही हिने."

मी तिला हाताला धरून गोठ्यामागे नेलं.

"बी हावा, एक काम आहे. थट्टेचं."

मी सांगत गेले तशी तिची नक्कल उतरत गेली. कोटाच्या बाह्या तिच्या हातांवरून खाली लोंबत होत्या. आमच्यात असं आहे, की थट्टेच्या सोयऱ्याने थडग्यावर काही टाकलं, शेण, राख, फाटकी चप्पल, काहीही, तर ते काढायचा हक्क आम्हाला नाही. थोरल्या भाचीने आपल्या हाताने कोंबडी द्यायची, मग ते उचलायचं. तोवर थडग्याला हात लावायचा नाही. बहुतेक वेळा तासाभरात कोंबडी जाते, हशा होतो, संपलं.

"टाकीन," ती म्हणाली. "तो पाचोळा टाकीन, टोपल्याच्या टोपल्या. कोंबडी कधी देतेस? वर्ष भरल्यावर?"

"नाही देणार."

"मग कधी?"

"कधीच नाही."

"डोकं ठिकाणावर आहे का, गौदेन्सिया? हे खोटंखोटं करता येत नाही. मी टाकलं की मी विचारणारच. तुझ्या पोरींच्या लग्नात विचारीन, तुझ्या नातवाच्या बारशाला विचारीन. मी मेले की माझ्या पोरी विचारतील. मामासाठी एक कोंबडी जड झाली, म्हणतील सगळे. तुझ्या कुळातल्या बाया तर तुला दारात उभं करणार नाहीत."

"म्हणू देत."

"बेडकांसाठी?"

मी म्हणाले, "त्याने जन्मभर ती राई राखली. सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. आता त्याच्याच थडग्यापायी ती आतून मेली, तर मग त्याने राखलं काय?"

तिने कोटाची बटणं लावली, एकेक करून, खालपासून वरपर्यंत. "मला एक चांगलीशी शिवी शोधायला हवी," ती म्हणाली. "साधी चालायची नाही."

प्रार्थना सांगणारे गुरुजी पुढे, मामाची शवपेटी मागे, असे आम्ही वर गेलो. ढग उतरला होता. बी हावा आधीच खड्ड्यात जाऊन आडवी झाली होती. "जागा अरुंद आहे! या लंबूचे पाय बाहेर राहतील, तेवढे कापा!" पुरुषांनी तिला ओढून बाहेर काढलं. पेटी उतरली. माती पडायला लागली तसा कोस्मास लहान पोरासारखा रडला, मीही रडले.

माती सपाट झाली आणि माझ्या हातात नवा खराटा आला. सगळे बाजूला झाले. मागे आमच्या कुळातल्या बाया आपापले खराटे घेऊन उभ्या, माझा पहिला हात फिरायची वाट बघत. मी खराटा खाली टेकवला. आयुष्यात कधी कुठली गोष्ट मला एवढी करावीशी वाटली नव्हती. एकदाच, मामाच्या छातीवरून पायापर्यंत. तो सुखाने झोपला असता.

"थांब गं!"

बी हावा डोक्यावर टोपली घेऊन आली. मागे तिच्या दोन सुना, त्यांच्या डोक्यावरही टोपल्या.

"या मेल्किओरीने जन्मभर आम्हाला घाणेरडे म्हटलं! आमच्या अंगणात पान दिसलं की नाक मुरडून जायचा! लोकांच्या घरांत केर शोधत फिरला, आणि स्वतःच्या छातीतला कफ काही त्याला झाडता आला नाही!" कुणीतरी हसलं, कुणीतरी "अरे देवा" म्हटलं. "घे रे नवऱ्या! हे तुझं पांघरूण! आता झोप आमच्यासारखा!"

आणि तिने टोपली उपडी केली. मग दुसरी, मग तिसरी. ओला काळा पाचोळा मामाच्या ताज्या मातीवर पसरला, आजीच्या थडग्यावर गेला, माझ्या पायांवर पडला. तो ओतताना तिचे हात किती सावकाश चालले होते, हे फक्त मला आणि एलिफुराहाला दिसलं.

लोक हसले. हसायचंच असतं. कोस्मासही हसला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "चल ताई, आणतो कोंबडी."

"नको," मी म्हणाले.

"नको म्हणजे?"

"मी देणार नाही."

हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं. मागच्या बायांपैकी माझी मावसबहीण पेर्पेटुआ, जिची आई त्याच ओळीत पुरलेली, तिने मला हाताने वळवलं. "गौदेन्सिया, माझी आई आहे तिथे." मी तिला काय सांगणार होते? सांगितलंच. तिथे उभं राहून सगळ्यांना सांगितलं. बेडकीचं, पाचोळ्याचं, सगळं. एलिफुराहानेही सांगितलं. ते ऐकून कुणाचा राग कमी झाला असं मला दिसलं नाही. पण रीत ती रीत. भाचीने कोंबडी दिल्याशिवाय त्या पाचोळ्याला हात लावता येत नव्हता, आणि मुख्याच्या थडग्यावर खराटा अडला की पुढे जाता येत नव्हतं. बाया आपले खराटे खांद्यावर टाकून खाली उतरल्या.

कोस्मासने दुसऱ्या दिवशी स्वतः कोंबडी आणून माझ्या हातात कोंबायला पाहिलं. मी हात मागे बांधले. "तू त्याला हो म्हणाली होतीस," तो म्हणाला. "भिंतीपलीकडे मी होतो." मग तो माझ्याशी बोलेनासा झाला.

बी हावाने शब्द पाळला. माझ्या लेकीच्या, थेक्लाच्या लग्नात तिने मांडवात उभं राहून कोंबडीचं गाणं म्हटलं. भाचीची कोंबडी अजून अंड्यातच आहे, अंडं अजून पोटातच आहे, असं काहीतरी. विहीणबाईंनी मान खाली घातली. मी त्या गाण्यावर नाचले. बसून ऐकण्यापेक्षा ते बरं होतं. पेर्पेटुआ अजून माझ्या घरी पाणी पीत नाही. कोस्मास दर वर्षी मामाच्या दिवशी एक कोंबडी पाठवतो, मुलाच्या हाती, एक शब्द न बोलता. मी ती खुराड्यात सोडते आणि तिची अंडी खाते. वेलदोड्यासाठी कुणी आलं तर मात्र कोस्मास मामाचीच वाक्यं त्यांना ऐकवतो, असं कळतं. राग माझ्यावर, राईवर नाही.

राईत मी पाऊल टाकलं नाही. मला सोसलं नसतं. मामाच्याबरोबर बाकीच्यांचीही थडगी माझ्यापायी केराखाली गेली होती.

गेल्या मोठ्या पावसात एलिफुराहा आली. तिचेही आता कानामागचे केस पांढरे झालेत. तिन्हीसांजेला वर गेली आणि अंधार पडायच्या आत धावत खाली आली. गुडघ्यापर्यंत चिखल, चष्म्यावर पाणी.

"मावशी, चल. तू चल, आत्ता."

"मी येत नाही."

"लेकुरवाळी ओढ्यापर्यंत पोचली, मावशी. पिल्लं आहेत. पानापानाखाली पिल्लं आहेत." ती माझा हात सोडेना. "मला मामांच्या थडग्यापाशी घेऊन चल. खराट्याचं मी त्यांना कधी सांगितलं नाही. ते असताना तोंड उघडलं नाही माझं. आता सांगते."

मग मी गेले.

कोस्मासचे पांढरे गोटे कुठे दिसेनात. वाट नव्हती. पाचोळा पोटरीपर्यंत आला होता, त्यातून माझ्या कमरेएवढी रोपं उठली होती. जुनं झाड होतं, पण त्याच्या मुळांवरही पानं चढून सगळं एकसारखं झालं होतं. बेचकं हे की ते? आजी डावीकडे, मग मामा तिच्या या अंगाला की त्या? त्या दिवशी मी कुठे उभी होते, खराटा कुठे टेकवला होता? मी वाकून हाताने पानं सारायला गेले आणि एलिफुराहाने माझं मनगट धरलं. माझ्या बोटांजवळच्या पानावर मुंगीएवढं काहीतरी हललं.

"हात नको," ती हळूच म्हणाली. "कुठे आहेत ते मावशी? नुसतं दाखव."

मला दाखवता येईना. ज्याचं थडगं झाडायचा मान माझा होता, तो माझा मामा कुठे आहे हे मला सांगता येईना. ती पाऊल टाकायला घाबरत होती पिल्लांमुळे, मी घाबरत होते मामामुळे. दोघी होतो तिथेच उभ्या राहिलो. मला त्याची इतकी आठवण आली, त्याच्या खोकल्याचीसुद्धा. रडायचं होतं, पण तोंड कुठे करून रडावं तेच मला कळेना.